हिरोवर संशय घेता आला पाहिजे

मी रोमान्स वाचते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मग "अगं काहीतरी हलकंफुलकं", "झोप यायला बरं पडतं" अशी सारवासारव करत बसावं लागतं आणि ती सवय एकदा लागली की सुटत नाही. गंमत बघा, ज्याच्या पहिल्याच पानावर गळा चिरलेलं प्रेत आहे असं पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की बाबा रे, हे काय वाचतोस. उलट तो हुशार, त्याचं डोकं चालतं. आणि दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात पडतात, मधे अडीचशे पानं गोंधळ घालतात आणि शेवटी एकत्र येतात हे वाचणारी बाई मात्र भाबडी. आपल्याकडे मराठीत ना. सी. फडक्यांच्या बाबतीत हेच झालं, लोकांनी त्यांच्या कादंबऱ्या अधाशासारख्या वाचल्या आणि वर गुळगुळीत म्हणून नाकंही मुरडली, मग कला कलेसाठी की जीवनासाठी यावर फडके-खांडेकरांच्या नावाने दोन तट पडले. प्रेमात पडणं हा पण जीवनाचाच भाग आहे ना, मग भांडण नक्की कशाचं होतं हे मला आजतागायत समजलेलं नाही.

असो. मी काही रोमान्सची बाजू मांडायला बसलेली नाही. ज्याने ढीगभर वाचलंय त्याला नावं ठेवायचा हक्क असतो, आणि तो हक्क मी आज भरपूर वापरणार आहे. विशेषतः रोमँटिक सस्पेन्सवर, कारण माझं सगळ्यात जास्त प्रेम त्याच्यावर आणि सगळ्यात जास्त वैतागही त्याच्यावरच.

आधी नियम काय ते सांगते. रोमान्सचा नियम तसा एकच, प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट गोड हवा. दोघांपैकी कोणी शेवटी गेलं तर ती चांगली कादंबरी असेल, थोर असेल, तिच्यावर सिनेमा निघेल, पण ती रोमान्स नाही, आणि रोमान्स म्हणून कोणी ती विकली तर वाचक त्या लेखिकेला आयुष्यभर माफ करत नाहीत. यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, शेवट माहितीच आहे तर वाचायचं कशाला? अहो, डिटेक्टिव्ह कादंबरीत तरी खुनी सापडणार हे माहितीच असतं की. माझी एक मैत्रीण तर कुठलंही पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी वाचते. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं मग मजा काय राहिली?" तर म्हणे, "मजा मधेच असते गं. शेवटाची मला फक्त गॅरंटी लागते. एकदा ती मिळाली की मग ते दोघं कितीही भांडू देत, मी निवांत." आणि तिचं पटण्यासारखं आहे. गॅरंटी असली की वाचणारा जास्त जवळून वाचतो, कोण काय म्हणालं, म्हणताना थांबलं कुठे, हात मागे घेतला का, असलं सगळं दिसायला लागतं.

जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेने रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून एक पुस्तक लिहिलं, १९८४ सालचं. त्यातला मला भावलेला भाग असा की पुस्तकात काय आहे हे एक झालं, पण त्या बायकांसाठी मुळात पुस्तक उघडून बसणं हीच मोठी गोष्ट होती, तेवढा वेळ मी कोणाची आई नाही, कोणाची बायको नाही, मला कोणी काही मागायचं नाही. यावर पन्नास पानी थिअरी लिहिता येते आणि तिने लिहिलीही आहे, पण हे वाचून ज्या बाईने मान डोलावली नाही अशी मला तरी भेटलेली नाही.

आता या रोमान्समधे सस्पेन्स मिसळला की खरी पंचाईत सुरू होते, कारण सस्पेन्सचा नियम बरोबर उलटा. तिथे कोणाचाच भरवसा नाही. रोमान्स म्हणतो हा माणूस शेवटी तुझाच आहे, सस्पेन्स म्हणतो घरातल्या प्रत्येकावर नजर ठेव. मग या दोघांनी एका पुस्तकात नांदायचं तर हिरोचं करायचं काय? त्याच्यावर संशय घ्यायचा की नाही?

माझं मत स्पष्ट आहे, घ्यायचा. घेता आलाच पाहिजे. हिरो पहिल्या पानापासून धुतल्या तांदळासारखा असेल तर तो रोमँटिक सस्पेन्स नाहीच, ते एक रोमान्स आणि एक क्राइम स्टोरी स्टेपल करून दिलेलं पुस्तक आहे. कारण प्रेमातली मूळ भीती खुनाची नसतेच हो. एका बाहेरच्या माणसाला आपण आयुष्यात घेतो, त्याच्याबद्दल आपल्याला माहिती काय असतं तर त्याने जेवढं सांगितलं तेवढं, आणि त्याने न सांगितलेलं किती आहे ते कळायचा काही मार्ग नसतो. हा सस्पेन्स प्रत्येक प्रेमात असतो, प्रेत सापडो न सापडो. चांगली लेखिका फक्त त्याला एक बंद खोली आणि एक किल्ली देते.

हे जुन्या लोकांना पक्कं माहिती होतं. अ‍ॅन रॅडक्लिफ १७९४ मधे किल्ले, काळे पडदे, कोंडलेली नायिका असलं सगळं लिहून गेली आणि तिच्यावर पिढी वेडी झाली, आणि मग जेन ऑस्टेनने त्या वेडाची अशी काही टर उडवली की बस. 'नॉर्थँगर अ‍ॅबी' ऑस्टेन गेल्यानंतर, १८१७ च्या डिसेंबरमधे आलं. त्यातली कॅथरीन असल्याच कादंबऱ्या वाचून वाचून डोक्यात खूळ घेतलेली, एका जुन्या घरी पाहुणी म्हणून जाते, रात्री वादळ, खोलीत एक जुनं कपाट, धडधडत्या काळजाने ती ते उघडते, आत कागदांची गुंडाळी सापडते, तेवढ्यात मेणबत्ती विझते. रात्रभर बिचारी थरथरत पडून राहते आणि सकाळी बघते तर काय, धुण्याचा हिशोब! लोक हे सांगून हसतात आणि तिथेच थांबतात. पण पुढे बघा ना. ज्या जनरलने स्वतःच्या बायकोला मारलं असा कॅथरीनला संशय येतो त्याने खून केलेला नसतो हे खरं, पण ती पैसेवाली नाही हे कळताच तो तिला घराबाहेर काढतो, सोबतीला माणूससुद्धा न देता लांबच्या प्रवासाला एकटीला लावून देतो. म्हणजे पोरीचा गुन्ह्याचा अंदाज चुकला, माणसाचा नाही. ऑस्टेन टिंगल करता करता किती गंभीर बोलून जाते ते इथे कळतं.

मग १८४७, 'जेन एअर'. यातला रॉचेस्टर हा अख्ख्या रोमान्सच्या दुनियेचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही, तुसडा, घुम्या, श्रीमंत आणि वरच्या मजल्यावर भानगड, म्हणजे लपवून कोंडलेली पहिली बायको. माझं त्याच्याबद्दल अजूनही ठरत नाही आणि म्हणूनच ते पुस्तक मी परत परत वाचते. लग्नाला दोन रात्री उरलेल्या असताना जेनच्या खोलीत कोणीतरी बाई शिरते, आरशासमोर उभी राहून तिचा लग्नाचा व्हेइल, म्हणजे नवरीचा झिरझिरीत पडदा, डोक्यावर घालून बघते, मग तो टराटरा फाडून पायाखाली तुडवते. सकाळी फाटका व्हेइल जमिनीवर पडलेला आहे, म्हणजे स्वप्न तर नाही. आणि हा गृहस्थ काय सांगतो? थोडं स्वप्न असेल, थोडं खरं असेल, ती घरातली नोकर बाई ग्रेस पूल असणार, आणि आपल्या लग्नाला एक वर्ष आणि एक दिवस झाला की मी तुला सगळं सांगेन. एक वर्ष आणि एक दिवस! हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते भारी रोमँटिक वाटलं होतं आणि आता वाचलं की वाटतं, बये, बॅग भर. समोरच्याला स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावायची, आजकाल याला गॅसलायटिंग म्हणतात. पण मला आवडतं ते हे की शार्लट ब्राँटे त्याला सूट देत नाही. जेन जाते. आणि परत येते ती स्वतःच्या पायावर, काकाकडून वारशात आलेल्या वीस हजार पौंडांतले पाच हजार स्वतःकडे ठेवून आणि बाकीचे तीन भावंडांना वाटून. तिला आता त्याच्याकडे जायची गरज नसते आणि म्हणूनच तिचं जाणं पटतं. बिघडलेला श्रीमंत हिरो प्रेमाने सुधारतो असलं हजारदा वाचून झालंय, त्यात हिरॉइनकडे परतीच्या तिकिटाचे पैसे आहेत का हा प्रश्न मात्र फार थोड्या पुस्तकांना पडतो.

आता 'रिबेका'बद्दल. डॅफ्ने द्यू मॉरिए, १९३८. हे रोमान्स आहे की नाही यावर लोक भांडतात, भांडू देत. त्यातला एक छोटासा प्रसंग आहे जो मला सगळ्या खूनबिनांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. नवीन लग्न होऊन त्या प्रचंड घरात आलेली ती मुलगी, जिचं नाव अख्ख्या पुस्तकात आपल्याला कळत नाही, तिच्या हातून चिनीमातीचा एक छोटा क्युपिड, म्हणजे मदनाचा पुतळा, पडून फुटतो. घराची मालकीण आहे ती, वस्तू तिचीच, फुटली तर फुटली. पण ती काय करते, तुकडे गोळा करते, पाकिटात घालते आणि ड्रॉवरमधे मागे लपवून ठेवते. मग एका नोकरावर आळ येतो, प्रकरण वाढतं, आणि शेवटी तिला नवऱ्यासमोर आणि घराचा कारभार बघणाऱ्या त्या मिसेस डॅन्व्हर्ससमोर कबूल करावं लागतं की मीच फोडला. बास, एवढंच. ना रक्त, ना पिस्तूल. पण स्वतःच्याच घरात आपण चोरासारखे वावरतोय ही भावना ज्याने कोणी अनुभवली आहे त्याच्या पोटात तिथे गोळा येतो.

आणि मग तो कबुलीजबाब. नवरा सांगतो, पहिल्या बायकोला, रिबेकाला, मी गोळी घातली, बोटीत ठेवलं, बोट बुडवली. आता कुठलीही शहाणी मुलगी किंचाळत पळेल. ही काय विचार करते, तर म्हणजे त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतंच! तिला हायसं वाटतं. आणि, हे महत्त्वाचं, वाचताना आपल्यालाही वाटतं. पान उलटून गेल्यावर भानावर येतो की अरे, आपण आत्ता एका खुन्याची बाजू घेतली, पुढची शंभरेक पानं तो पकडला जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलो. प्रेमात पडलेलं माणूस काय काय पचवू शकतं हे कोणी इतक्या थंडपणे, वाचकालाच त्यात अडकवून दाखवलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. १९४० मधे हिचकॉकने सिनेमा केला, त्याला बेस्ट पिक्चरचं ऑस्करही मिळालं, पण हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमात बायकोचा खून करून नवरा सुटलेला चालत नव्हता, म्हणून सिनेमात रिबेका पडते, डोक्याला लागतं आणि मरते. अपघात. सिनेमा सुंदर आहे पण त्या एका बदलाने हिरो निर्दोष झाला आणि आपणही निर्दोष झालो, सगळा दंश गेला.

पुढे १९६० च्या सुमारास गॉथिक, म्हणजे जुनं घर आणि त्यात दडलेली भीती असल्या, पेपरबॅकची लाट आली. तुम्ही ती कव्हरं बघितली असतील, रात्र, मागे भलंमोठं घर, एकाच खिडकीत दिवा आणि पुढे नाइटगाउनमधली बाई घरापासून लांब पळत सुटलेली. एकावर एक ठेवलीत तर कुठलं कुठल्या पुस्तकाचं सांगता येणार नाही. १९७३ मधे जोअ‍ॅना रस या लेखिकेने या पुस्तकांवर एक निबंध लिहिला, त्याच्या नावातच सगळं आलं: कोणीतरी माझ्या जिवावर उठलंय आणि बहुतेक तो माझा नवराच आहे. तिने असली पुस्तकं वाचून त्यातली ठरलेली पात्रं काढून दाखवली. ते घर, ती दुसरी बाई, तो उर्मट दणकट पुरुष ज्याच्यावर संशय आहे आणि ज्याच्याशी शेवटी लग्न होतं, आणि अजून एक माणूस. हा अजून एक म्हणजे सभ्य, शांत, मदतीला येणारा, बोलायला गोड, आणि शेवटी खुनी निघतो तो हाच.

ते वाचल्यापासून माझं डोकं सटकलेलं आहे, कारण हे आजही तस्संच चालू आहे. शेजारचा डॉक्टर जो हिरॉइनला "तू थकलेली दिसतेस" म्हणतो, तोच खुनी. ऑफिसमधला मित्र जो तिचं बोलणं मधे न तोडता ऐकतो, तोच खुनी. आणि जो तिचा दंड धरून तिला गाडीत कोंबतो, तो हिरो. ट्विस्टसाठी म्हणून एकदा ठीक आहे, दोनदा ठीक आहे, पण पुस्तकामागून पुस्तक हेच करायला लागलं की मग तो ट्विस्ट राहत नाही, ती शिकवण होते, की नीट बोलणाऱ्या पुरुषापासून सावध राहा आणि वसकन अंगावर येणाऱ्याच्या पोटात प्रेम असतं. मला तर आता कोणी सभ्य पात्र आलं की वाईट वाटतं बिचाऱ्याचं, आता याची वाट लागणार.

त्या गॉथिक लाटेच्याच काळातली माझी आवडती लेखिका मेरी स्टुअर्ट. तिचं १९५८ चं 'नाइन कोचेस वेटिंग' मी कोणालाही डोळे मिटून देईन. फ्रान्समधलं घर, नऊ वर्षांचा एक पोरका काउंट, त्याला घरी राहून शिकवणारी गव्हर्नेस लिंडा, आणि त्या पोराच्या जिवावर कोणीतरी उठलंय. लिंडा त्या घरातल्या राऊलच्या प्रेमात पडते. आणि मग प्रश्न येतो की या कटात राऊल आहे का? तिला वाटतं की नसावा. मनापासून वाटतं. पण खात्री नाही. आणि इथे ती जे करते त्यासाठी मी या बाईला कायम मानत आलेय, ती त्याला न सांगता पोराला घेऊन रातोरात पळते. तो चांगला आहे असं तिला वाटणं हे तिचं, त्यावर ती स्वतःचा जीव लावेल एक वेळ, पण दुसऱ्याच्या पोराचा जीव लावायचा नाही. पुढे राऊल निर्दोष ठरतो, हे सांगून टाकलं तरी चालेल कारण रोमान्स आहे म्हटल्यावर तुम्हाला माहितीच होतं. पण तो निर्दोष निघाला म्हणून तिचा संशय चूक होता असं पुस्तक म्हणत नाही. आजच्या पुस्तकात हीच सिच्युएशन असती ना, तर हिरो दुखावला गेला असता, "तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता" म्हणून तोंड फिरवून बसला असता आणि पंचवीस पानं हिरॉइन माफी मागत फिरली असती.

आता आजच्या पुस्तकांकडे येतेच, कारण खरा राग तिथे आहे.

या जुन्या पुस्तकांत एक गोष्ट होती जी वाचताना लक्षात येत नाही, आपल्याला फक्त तिच्या डोक्यात जागा होती. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. तो दार लावून आत काय करतो हे तिला माहिती नाही म्हणून आपल्यालाही नाही. नंतर कधीतरी रोमान्सला त्याच्या डोक्यात शिरायची सवय लागली, एक प्रकरण तिचं, एक त्याचं, वर नावं छापलेली. साध्या रोमान्समधे हे झकास चालतं, ती म्हणते याला मी आवडत नाही आणि पुढच्या पानावर हा तिच्या कानामागच्या तिळावर परिच्छेद लिहितोय, ती मजा मी नाकारत नाही. पण सस्पेन्समधे? तिसऱ्या प्रकरणात हिरो मनातल्या मनात म्हणतो की हिला काही होऊ देणार नाही, झालं, संपला विषय. आता याच्यावर संशय घ्यायचा कसा? मेकॅनिझमच काढून टाकली तुम्ही. रोमान्स छापणाऱ्या हार्लेक्विन प्रकाशनाने १९८४ मधे 'इंट्रिग' नावाने रोमान्स-सस्पेन्सची वेगळी लाइनच काढली, म्हणजे दुकान व्यवस्थित चालू लागलं होतं, पण दुकान वाढलं तसा हिरो सुरक्षित होत गेला. पोलीस, कमांडो, बॉडीगार्ड, ज्याचं कामच तिला वाचवणं आहे असा.

मग भीती कुठून आणायची? बाहेरून. म्हणून मग येतात ती तिरक्या अक्षरातली खुन्याची प्रकरणं. हे ज्यांनी वाचलंय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. दर चाळीस पानांनी एक दीड पान, सगळं इटॅलिकमधे, "तो तिला बघत होता. लवकरच. फार लवकर. ती त्याचीच होती." याला नाव नाही, चेहरा नाही, आई वाईट होती एवढं कळतं, आणि हा जगातल्या सगळ्या पुस्तकांत एकाच टोनमधे बोलतो. मी ही पानं सरळ उलटते. आजवर एकदाही काही बिघडलेलं नाही, कथेतलं काही म्हणजे काही चुकत नाही, यावरूनच काय ते समजा.

बरं, बाहेर हा फिरतोय, दोन बायका मेल्यात, सेफ हाउसच्या खिडकीवर काल रात्री कोणीतरी टकटक केलंय, आणि आत काय चाललंय? सविस्तर. सात पानं. मला त्या सीन्सचा काही प्रॉब्लेम नाही, चांगले लिहिले असतील तर मी ते दोनदा वाचते, पण टायमिंग म्हणून काही असतं की नाही? आत्ता दाराला कुर्ची लावा, फोन चार्ज करा, काहीतरी खा. आणि हा एवढा ट्रेन्ड कमांडो, याचं पिस्तूल पॅन्टसकट पलीकडच्या खोलीत.

"प्रोटेक्टिव्ह" हा तर वेगळाच विषय. तिच्या फोनमधे न विचारता ट्रॅकर टाकतो, तिच्या बॉसला परस्पर फोन करून सुट्टी टाकतो, तिच्या मैत्रिणींची बॅकग्राउंड चेक करतो. हेच सगळं इटॅलिकवाला करत असतो ना हो! दोघांच्या कामांची यादी शेजारी शेजारी ठेवली तर कुठला हिरो ते फक्त पोटाच्या स्नायूंवरून ओळखावं लागेल. आणि एखाद्या लेखिकेला हे साम्य दिसलं असतं, तिने ते हिरॉइनच्या लक्षात आणून दिलं असतं, की अगं, हे दोघं एकच गोष्ट करतायत, तर केवढं जबरदस्त पुस्तक झालं असतं. पण नाही. लेखिकेलाच दिसत नाही. मसाला सगळा तिथेच पडलेला असतो आणि ती त्याला ओलांडून पुढे जाते, थेट सहा भावांच्या सिरीजकडे, ज्यात प्रत्येक भावाला एक पुस्तक आणि एक संकटात सापडलेली बाई मिळते.

सगळंच वाईट नाही, नाहीतर मी वाचलंच नसतं. जे. डी. रॉब, म्हणजे नोरा रॉबर्ट्सच दुसऱ्या नावाने, हिची ईव्ह डॅलसची सिरीज १९९५ मधे सुरू झाली आणि पन्नासच्या वर पुस्तकं झाली तरी चालूच आहे. ईव्ह पोलीस, रोर्क गडगंज श्रीमंत, आणि पहिल्या पुस्तकात रोर्क तिच्या केसमधला संशयित आहे! त्याची चौकशी करता करता ती प्रेमात पडते, म्हणजे संशय घेणं हेच तिचं काम. आणि पुढे लग्न झाल्यावरही लेखिका दुकान बंद करत नाही. दोघं भांडतात, तिला पार्टीत जायचं नसतं, त्याचं जुनं बेकायदेशीर आयुष्य आणि तिची वर्दी यांची ठिणगी उडत राहते. लग्नानंतरचं प्रेम लिहायला फार कमी जणींना जमतं, बाकीच्यांना एपिलॉग जमतो.

आणि साध्या साध्या गोष्टी तर मला अजूनही मारतात. जखम बांधायचा सीन. हा ठरलेला सीन आहे, प्रत्येक दुसऱ्या पुस्तकात आहे, तो जखमी होतो, हॉस्पिटलमधे जाता येत नाही, ती बाथरूमच्या उजेडात टाके घालते. वाईट लिहिला तर तिची नजर त्याच्या छातीवर. चांगला लिहिला तर तिचा हात थरथरतोय आणि तो मुद्दाम काहीतरी फालतू बडबड करतोय, तिच्या हाताकडे तिचं लक्ष जाऊ नये म्हणून, आणि तिला ते कळलंय, आणि ती त्याला कळू देत नाही. बास, मला याच्यापुढे काही लागत नाही. एवढ्यासाठी मी बाकीची तीनशे पानं सहन करते.

काहीजणी म्हणतात की मग तू डोमेस्टिक थ्रिलर वाच, तिथे नवऱ्यावर पाहिजे तेवढा संशय घे. २०१२ मधे 'गॉन गर्ल' आलं आणि त्यानंतर लग्न म्हणजेच गुन्ह्याची जागा असल्या पुस्तकांचा पूर आला हे खरं आहे, आणि मी त्यातली वाचलीही. पण तिथे उलटा घोटाळा आहे. तिथे नवरा चांगला असूच शकत नाही. तो फुलं घेऊन आला की आपण समजायचं याने काहीतरी पुरलंय. रोमान्समधे तो शंभर टक्के निर्दोष, इथे शंभर टक्के लबाड, मग शंका कुठे उरली? मला तर मधलं हवंय, जिथे त्याच्या हातावर ओरखडा आहे, त्याने दिलेलं कारण पटण्यासारखं आहे, पटवून घ्यायची माझी इच्छाही आहे, आणि तरी मी पान मागे उलटून बघते की मंगळवारी रात्री हा नक्की कुठे होता.

म्हणून आता मी पुस्तक घेण्याआधी सॅम्पल चाळते. ब्लर्बमधे, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणाऱ्या मजकुरात, भावांचा उल्लेख असेल तर सोडून देते. तिरकी अक्षरं दिसली की परत. प्रकरणाच्या डोक्यावर त्याचं नाव छापलेलं असेल तर मात्र अजून दहा पानं देते, कारण फार क्वचित एखादी अशी भेटते जी त्याच्या डोक्यात शिरूनही त्याला आपल्याशी खोटं बोलायला लावते, आणि ते आपल्या लक्षात यायला निम्मं पुस्तक जातं.